कोलॅब शूटमध्ये मॉडेलने आधी काय बोलून घ्यावं? मेणवलीला नऊवारीतलं शूट ठरतंय

सावळी_साताऱ्याची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल तर सांभाळून घ्या. मी मूळची साताऱ्याची, सध्या नोकरीमुळे पुण्यात. लहानपणापासून कथक शिकले आणि गेली दोनेक वर्षं हौस म्हणून मॉडेलिंग करते, पैसे घेऊन नाही, कोलॅबच सगळी, म्हणजे मॉडेल आणि फोटोग्राफर दोघंही एकमेकांना पैसे न देता. वाईचा एक फोटोग्राफर आहे, इन्स्टावर ओळख झाली. पोटापाण्याला लग्नं करतो पण मधेमधे स्वतःसाठी जत्रा, ऊसतोड, घाटावरच्या बायका असं काढत असतो आणि त्याचं ते काम मला खरंच खूप आवडतं. त्याने विचारलं की वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नऊवारीत काहीतरी करूया का.

मला इतका आनंद झाला, कारण माझ्याकडे आजीचं इरकली लुगडं आहे, हिरवं, लाल काठाचं, टोपपदराचं, आणि ते नेसून काहीतरी करायचं हे कधीपासून डोक्यात आहे. पण पायरीवर बसून पदराआड लाजायचं वगैरे मला नाही करायचं. आजी कृष्णेवर धुणं घेऊन जायची, ओचा वर खोचायची, ओलं लुगडं पिळताना एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची, हे सगळं मी जवळून बघितलंय आणि मला ते करून बघायचंय.

आता भीती कसली ते सांगते. गेल्या वर्षी पुण्यात एकाबरोबर शूट केलं. पाच तास उन्हात, साड्या माझ्या, मेकअप माझा, रिक्षाचे पैसे माझे. ६०० तरी क्लिक झाले असतील. दीड महिना मागे लागल्यावर ४ फोटो आले आणि चारही फोटोंत मी गोरी! मी सावळी आहे, चांगली सावळी, आणि मला त्याचं काही वाटत नाही, पण त्या फोटोतली बाई मी नाहीच. आई म्हणाली, 'ही कोण गं?' पुढे त्यातलाच एक फोटो एका दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत दिसला. मी विचारलं तर म्हणाला फोटो माझे आहेत, मी काहीही करेन. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स, मागितल्या तर ब्लॉकच केलं.

हा वाईचा मुलगा तसा नाही असं मन सांगतंय. पण आधीच सगळं विचारलं तर 'हिला फार ॲटिट्यूड आहे' असं नको वाटायला. रॉ मागू शकते का? फोटो नक्की कुणाचे असतात? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कन्सेप्टमध्ये मॉडेलने 'मला हे असं हवंय' म्हणणं चालतं का, की आपण नुसतं उभं राहायचं?

कोल्हापूरचा_फोटोवाला

ताई, पहिलं म्हणजे विचारा, बिनधास्त विचारा. विचारलं म्हणून जो बिथरतो त्याच्याबरोबर पहाटे उठून मेणवलीला जाण्यात काय अर्थ आहे. मी १४ वर्षं कॅमेरा चालवतोय, तुमचं वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

रॉ मागू नका. कारण सांगतो म्हणजे राग नाही येणार. रॉ म्हणजे कच्चा माल, ती फाइल उघडली की फिकट, मेल्यासारखी दिसते, फोटोग्राफरने काढताना जे मनात धरलेलं असतं ते तिच्यात अजून यायचं असतं. शिवाय २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एकेक रॉ २५-३० एमबीची, ६०० म्हणजे १५ जीबीच्या वर. त्याऐवजी असं मागा की शूटनंतर आठवड्यात सगळे फोटो लहान साइजच्या जेपेगमध्ये दाखव, त्यातले निम्मे मी निवडेन निम्मे तू निवड, आणि मग तेवढेच एडिट कर. मी हेच करतो. आणि खरं सांगतो, मॉडेल जे निवडते ते बऱ्याचदा माझ्या नजरेतून सुटलेलं असतं, कारण मी फोकस बघत बसतो आणि तिला आठवत असतं की त्या क्षणी आपण खरंच त्यात होतो.

दुसरं, रंगाचं. हे जरा सविस्तर लिहितो कारण मी स्वतः हे पाप केलेलं आहे. लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑरेंजचं ल्युमिनन्स नावाचा एक स्लायडर असतो, तो वर सरकवला की माणसाची कातडी उजळते, बस एवढंच, एक सेकंदाचं काम. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच 'वेडिंग प्रीसेट'मध्ये, म्हणजे एडिटच्या आयत्या सेटिंगमध्ये, तो आधीच वर चढवून ठेवलेला असतो. मी सुरुवातीची तीन-चार वर्षं सगळ्या नवऱ्या मुलींना तसंच करत होतो, कुणी काही बोलायचं नाही, उलट खूश व्हायचे. मग एका शूटला एक मुलगी होती, गडहिंग्लजकडची, तिने स्क्रीनवर स्वतःच्या फोटोशेजारी स्वतःचा हात धरला आणि विचारलं, 'दादा, हा हात कुणाचा?' मला उत्तर देता येईना. त्या रात्री तिचा पूर्ण सेट परत एडिट केला आणि तेव्हापासून ते प्रीसेट वापरायचं बंद केलं.

हे आजचंही नाही. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं शर्ली कार्ड असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर, बाकीच्यांचं काय होईल ते होईल. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरही सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं धरून चालतं. तुमच्यामागे चकाकतं पाणी असलं तर ते तुम्हाला काळंठिक्कर करून टाकेल, आणि फ्रेमभर तुमचा चेहराच असला तर उगाच उजळ करेल. म्हणून त्याला सांगा की मीटर चेहऱ्यावरून घे, आणि सुरुवातीला एक ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, हातात धरून एक फोटो काढ म्हणजे मागून रंगावरून वाद नाही. सावळ्या रंगाला समोरून सपाट लाइट मारायचा नाही, बाजूने घ्यायचा, गालाच्या हाडावर, खांद्यावर जी चमक येते ना तिनेच आकार दिसतो. पांढरी थर्माकोलची शीट एका बाजूला धरायला एक माणूस घ्या, महागडं काही लागत नाही. आणि पावडर कमी लावा ताई, ती चमकच मारून टाकते.

मीरा_ठाणे

मी ८ वर्षं करतेय, आधी कोलॅब, आता बहुतेक पैसे घेऊनच. 'नुसतं उभं राहायचं का' हा तुझा प्रश्न वाचून मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली. नाही गं, नुसतं उभं राहायला तर दुकानातला पुतळा पण चालतो. कोलॅबलाच टीएफपी म्हणतात, म्हणजे 'टाइम फॉर प्रिंट्स', पूर्वी मॉडेलला वेळेच्या बदल्यात छापलेले फोटो मिळायचे, तिला पोर्टफोलिओ हवा असायचा आणि त्याला चेहरा. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. तू पाच तास दिलेस, त्याने पाच तास दिले, हिशेब बरोबरीचा आहे तर मग म्हणणंही बरोबरीचं.

तू ते लुगडं पिळताना अंगठ्यात टोक धरायचं लिहिलंयस ना, ते त्याला आधी करून दाखव, व्हिडिओ कॉलवर किंवा वाईलाच एक चहा पिऊन. कारण ती गोष्ट तुझ्या शरीराला माहितीये, त्याला नाही. तो कुठून कुठून जमवलेले दहा रेफरन्स फोटो बघत बसेल आणि त्या सगळ्या फोटोंत पायरीवर बसलेली बाईच असणार. तू करून दाखवलंस की त्याला कळेल पायाच्या पातळीला कॅमेरा न्यावा लागेल, शटरचा वेग किती ठेवला तर उडालेलं पाणी फोटोत थांबलेलं दिसेल. माझी सगळ्यात चांगली शूट्स अशीच झालीत, मी हालचाल आणली आणि त्याने जागा शोधली. आणि तू कथकवाली आहेस, तुला एकच हालचाल वीस वेळा त्याच वजनाने करता येते, ही किती मोठी गोष्ट आहे हे फोटोग्राफरला विचार. एक मात्र कर, मुद्रा घरी ठेवून जा, हात नाचायला लागले की धुणं खोटं वाटतं.

दर पंधरा-वीस मिनिटांनी मागच्या स्क्रीनवर फोटो बघायचे, दोघांनी मिळून. काही फोटोग्राफरना ते आवडत नाही म्हणे, लय तुटते. मला वाटतं पहिल्याच तासात दोन-तीनदा बघितलं की पुढे बघावंच लागत नाही, कारण दोघांना काय चाललंय ते कळलेलं असतं.

बाकीचं म्हणजे कुणीतरी सोबत ने, बहीण, मैत्रीण, कुणीही, आणि ते आधीच सांगून टाक, नाही म्हणाला तर शूट रद्द. कपडे बदलायची जागा आधी ठरव, ओलं लुगडं सोडून कोरडं नेसायला आडोसा लागतो आणि ऐनवेळी 'गाडीमागे बदल ना' असं व्हायला नको. ओल्या कपड्यात कुठले फोटो चालतील आणि कुठले नाहीत हेही शूटच्या आधी बोल, तिथे पाण्यात उभं राहून बोलणं फार अवघड जातं, मी अनुभवाने सांगतेय.

लेन्स_लोणावळा

दुसरी बाजू पण कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय, ताईंवर राग नाही. कोलॅबमध्ये फोटोग्राफरचं पण खूप जातं हो. गेल्या सप्टेंबरमध्ये कासचं ठरलं होतं, फुलांच्या दिवसांत तिथे आधी बुकिंग करून जावं लागतं, पहाटे साडेतीनला निघालो, लेन्स भाड्याने घेतली होती, आणि पाच वाजता मॉडेलचा मेसेज की बरं वाटत नाही. ठीक आहे, आजारपण कुणालाही येतं, पण आदल्या रात्री अकराला ती दुसऱ्या कुणाच्यातरी शूटची स्टोरी टाकत होती. आणि एकदा मी दोन रात्री जागून सहा फोटो एडिट केले, एकेका फोटोला अर्धा-पाऊण तास जातो नीट केलं तर, आणि तिने त्यावर ॲपचा फिल्टर चढवून, नाक बारीक करून टाकले, खाली माझं नाव. लोकांना वाटलं मी केलं ते.

म्हणून ताई, तुम्ही जशी अट घालणार की माझा रंग बदलू नको, तशी त्याची अट पण ऐका की माझ्या एडिटवर फिल्टर नको. हे दोन्ही एकच आहे माझ्या मते.

सावळी_साताऱ्याची

@लेन्स_लोणावळा हे मी कधी असं बघितलंच नव्हतं, मनापासून थँक्स. फिल्टर मी टाकत नाही पण आता हे स्वतःहून त्याला सांगेन. @मीरा_ठाणे मुद्रांचं अगदी खरं आहे, काल आरशासमोर करून बघितलं तर मनगट आपोआप वळतंय!! फोटो कुणाचे ते कुणी सांगेल का?

काळा_कोट_नाशिक

वकिली करतो, फोटोची हौस आहे, म्हणून लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १७ बघा. साधारण नियम असा की फोटो ज्याने काढला तो पहिला मालक. पण कुणी पैसे किंवा मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालक तो काढून घेणारा. म्हणजे लग्नात तुम्ही फोटोग्राफरला पैसे देता तेव्हा मालकी तुमच्याकडे येते, हे बऱ्याच फोटोग्राफरना माहीतच नसतं. कोलॅबमध्ये तुम्ही पैसे देत नाही, तेव्हा साधारणपणे मालकी त्याची, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. तेव्हा तुमचा तो पुण्याचा माणूस 'फोटो माझे' म्हणाला ते अर्धं बरोबर होतं.

पण अर्धंच. फोटोचा कॉपीराइट त्याचा असणं आणि तुमचा चेहरा वापरून दागिने विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला तुमची संमती लागते, तिलाच मॉडेल रिलीज म्हणतात, आणि म्हणूनच स्टॉक फोटो विकणाऱ्या साइट ओळखू येणारा चेहरा असला की सही केलेला रिलीज मागतात. कुणी कोलॅबच्या नावाखाली रिलीजवर सही मागितली तर 'व्यावसायिक वापर' हे शब्द आहेत का ते बघा. असतील तर खोडा, किंवा पैसे ठरवा. दुकानाने फोटोग्राफरला पैसे दिले म्हणजे ते कोलॅब उरलंच नाही, त्यात तुमचा वाटा आहे.

तुम्हाला फोटो वापरायची परवानगी लेखीच घ्या, कलम ३० तेच सांगतं. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी मी स्वतः खूप कागदांत सुटलेली बघितली. परवानगी किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो, आणि कुठे हे लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरती. म्हणून साध्या मराठीत एक पान लिहा, की हे फोटो दोघंही आपापल्या पोर्टफोलिओत आणि सोशल मीडियावर कायम, जगात कुठेही वापरू शकतात, दोघांचं नाव द्यायचं, त्वचेचा रंग आणि अंगाची ठेवण बदलायची नाही, वर फिल्टर लावायचा नाही, विकायचे झाल्यास आधी विचारायचं. खाली दोघांच्या सह्या, तारीख. स्टॅम्प पेपर वगैरेच्या मागे लागू नका, पान लिहिताना जे बोलणं होतं तेच जास्त उपयोगी पडतं.

रेषा_आणि_रंग

मी फोटोग्राफर नाही, चित्रकला शिकले. आमच्या लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर माणूस बसवून चित्र काढायच्या तासाला, एक मावशी यायच्या मॉडेल म्हणून, पन्नाशीच्या. वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं सुट्टी, मग परत तीच पोझ. सुट्टीला उठायच्या आधी त्या स्वतः खडूने पावलांभोवती रेघ मारून घ्यायच्या आणि परत येऊन बरोबर त्यात पाय ठेवायच्या. सर पोझ सांगायला गेले की म्हणायच्या, हा हात असा दहा मिनिटांत सुन्न होईल, असा ठेवते, आणि त्या जो ठेवायच्या तोच काढायला जास्त सुंदर असायचा कारण त्यात खरं वजन पडलेलं असायचं. आम्हा मुलांना शरीराचा भार कुठे पडतो हे पुस्तकाने नाही, त्या मावशींनी शिकवलं. पण वर्षअखेरीच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली आमची नावं होती, त्यांचं नाव एकाही चित्राखाली नव्हतं, आणि तेव्हा आम्हाला ते खटकलंसुद्धा नाही. आता खटकतं. नाव लिहून घे गं, ते सगळ्यात आधी लिहून घे.

कोल्हापूरचा_फोटोवाला

@रेषा_आणि_रंग तुमचं वाचून गप्प झालो.

ताई, एक राहिलं. मेणवली धोम धरणाच्या खाली येते, पाणी सोडलं की पातळी बदलते, गावात विचारून मगच खाली उतरा, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं, अनवाणी पायाला पण सटकतं. आदल्या आठवड्यात दोघांनी जाऊन ऊन कधी कुठून येतं ते बघून या. नाना फडणवीसांच्या वाड्यात आत काढायचं असेल तर आधी परवानगी विचारा. आणि घाटावर ज्या बायका खरंच धुणं धुवायला आलेल्या असतात त्यांनापण विचारा, त्यांची जागा आहे ती.

सावळी_साताऱ्याची

तीन आठवड्यांनी येतेय, शूट झालं!! सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

त्याला मी काळा कोट दादांनी लिहिलं तसं एक पान टाइप करून पाठवलं, पाठवताना हात थरथरत होता. त्याचा रिप्लाय आला की छान आहे, यात अजून एक घालूया, फोटो कुठल्या स्पर्धेला पाठवायचा झाला तर दोघांनी मिळून निवडायचा. बस, एवढंच. मी उगाच आठ दिवस झोप घालवली.

आदल्या रविवारी रेकीला, म्हणजे जागा बघायला, गेलो, माझी चुलत बहीण पण होती. घाटावर दोन काकू धुणं धूत होत्या, मी त्यांना लुगडं पिळून दाखवलं तर एक काकू हसायलाच लागल्या, म्हणाल्या, 'अगं, पिळताना कंबर वळव, हातानं काय होतंय!' त्यांनी करून दाखवलं. मी आजीचं इतक्या वेळा बघितलेलं, पण कंबर मला कधी दिसलीच नव्हती, मी फक्त अंगठा बघत होते. शूटच्या दिवशी त्याच काकू आल्या होत्या, त्यांनी आपणहून जागा करून दिली आणि एका फोटोत पाठमोऱ्या आहेत, विचारूनच.

काष्टा बहिणीने नेसवला, अर्धा तास गेला, ओच्याचं केळं, म्हणजे पुढे खोचलेल्या निऱ्या, दोनदा सुटलं. पहिला पाऊण तास काहीच जमत नव्हतं, मी पोझ देत होते आणि त्याला ते कळत होतं पण बोलत नव्हता. मग स्क्रीनवर बघितलं आणि मीच म्हणाले की हे खोटं आहे. तो म्हणाला, हो. मग त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाला, आधी सगळं धुणं खरंच धुऊन घे. मी खरंच धुतलं, चार कपडे होते बहिणीचे, दगडावर आपटून. तिसऱ्या कपड्यापासून त्याने काढायला सुरुवात केली, मला कळलं पण नाही.

एका बाबतीत आमचं जमलं नाही. मंदिराजवळची ती मोठी घंटा आहे ना, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिकडून आणलेली, तिच्याखाली त्याला मी हवी होते. फोटो दिसायला भारी आलाय, पण त्यात मी आणि घंटा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मला वाटतं. त्याला तो सगळ्यात आवडता आहे. तो त्याच्या पेजवर टाकेल, माझं नाव देईल, मी टाकणार नाही, असं ठरलं. मला आवडलेला फोटो पाठीमागून आहे, चेहरा दिसतच नाही, नुसता ताणलेला ओला पिळा, दंड आणि पाणी.

एकूण ३४० क्लिक, सगळे लहान साइजमध्ये पाचव्या दिवशी आले, सहा मी निवडले सहा त्याने, दोन दोघांचेही सारखेच निघाले. रंग माझाच आहे. मी लॅपटॉपशेजारी हात धरून बघितला, कोल्हापूरच्या दादा.

आणि मीरा ताई, त्याने खरोखरच्या प्रिंट्स दिल्या! ८ बाय १२ इंच, मॅट, दोन. वाईच्याच लॅबमध्ये काढल्यात. एक पाठमोरी आणि एक त्या काकूंची. काकूंची द्यायला आम्ही पुढच्या रविवारी मेणवलीला जातोय.

कोल्हापूरचा_फोटोवाला

वा! वा! पाठमोरा फोटो कुठल्या लेन्सवर काढला तेवढं विचारून सांगा, आणि थर्माकोल कोणी धरला?

सावळी_साताऱ्याची

३५ एमएम, तो स्वतः गुडघाभर पाण्यात उभा होता. थर्माकोल दुसऱ्या काकूंनी धरला.